शिदा, तो किस्सा मी सांगितला नाही

शिदा, परवा तुझ्या शोकसभेत माझी जी पंचाईत झाली ती सर्वस्वी तुझ्यामुळे झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेले दहा दिवस मी तुझ्यावर चिडलेलो आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. जिवंतपणी तू मला चिडायला जागाच दिली नाहीस. काही बोलायला लागलं की "बरं" म्हणायचं आणि सायकलवर टांग टाकायची, ही तुझी रीत. आता कुठं जाशील? आता ऐकून घे.

सभा गिरणीच्या गेटासमोर होती. पहिली पाळी सुटल्यावर सगळे थांबले. बॉयलरघरातले, मागावरचे, घडी खात्यातले. मॅनेजरसाहेब बोलले. प्रामाणिक, मनमिळाऊ, कष्टाळू. मागं वॉचमन वारला तेव्हा त्यालाही हेच तीन शब्द मिळाले होते. मग माझा नंबर. मी टाइम ऑफिसचा कारकून, तुझा गाववाला, आटपाडीच्या शाळेपासूनचा सोबती, शिवाय गिरणीतला नाटकवाला. मी नसेन तर बोलणार कोण? मी उभा राहिलो, घसा साफ केला, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बिराप्पा, त्यो अकरा मिनिटांचा किस्सा हू द्या की!"

आणि लोक हसले, शिदा. वाईट मनानं नाही. डोळे पुसता पुसता हसले. तू बावीस वर्षं या गिरणीत राबलास आणि लोकांना तुझं म्हणून आठवतं ते एवढंच. ते त्यांना शिकवलं मी. मी तसाच खाली बसलो. शेजारच्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "लय जीव हुता वो एकमेकांवर."

काय घडलं ते तुला सांगायचं कारण नाही, तू तिथंच होतास. पण पाच वर्षं मी तो किस्सा इतक्यांदा मीठमसाला लावून सांगितला आहे की खरं काय झालं ते मलाच एकदा नीट मांडून बघायचं आहे.

तीस जानेवारी होती. दर वर्षी त्या दिवशी सकाळी अकराला भोंगा वाजतो, हुतात्म्यांसाठी सगळ्यांनी उठून दोन मिनिटं स्तब्ध राहायचं, पुन्हा भोंगा वाजला की कामाला लागायचं. आपल्या माधवनगरात ऐकू येईल असा भोंगा एकच, गिरणीचा, आणि त्याची साखळी तुझ्या हातात. एरवी मी टाइम ऑफिसातून घंटा द्यायचो आणि ती ऐकून तू साखळी ओढायचास. पण शांततेच्या मधेच घंटा बडवणं बरं दिसत नाही म्हणून साहेबांनी त्या वर्षी फर्मान काढलं की बॉयलरघरातल्या घड्याळावर शिदानं आपली आपण दोन मिनिटं मोजावीत.

तू भोंगा दिलास. माग थांबले. गाव उभं राहिलं, आणि उभंच राहिलं.

न्हाव्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा एक गाल झाला होता आणि दुसऱ्यावर साबण वाळत होता. दूधवाला घागर डोक्यावर घेऊन रस्त्याच्या मधोमध थांबला होता. शाळेच्या पटांगणात पोरं एकमेकांना चिमटे काढायला लागली तरी मास्तर हलेनात. मनगटाला घड्याळ असलेले गिरणीत चारपाच जण तरी होते. सगळ्यांना कळत होतं की दोन मिनिटं केव्हाच झाली. पण आधी हलणार कोण? साहेबांची मान खाली, म्हणून आमची खाली. आमची खाली, म्हणून साहेबांची खाली. शेवटी मी चपला हातात घेऊन बॉयलरघराकडं पळालो. तू एका हातात साखळी धरून, मान खाली घालून, डोळे मिटून उभा होतास. मी "शिद्या!" म्हणून ओरडलो तेव्हा तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "झाली व्हय दोन मिनिटं?"

अकरा झाली होती.

साहेब लालबुंद. शेकडो मागांचा खोळंबा, वर गावात शोभा. "कामावरून काढा त्याला," म्हणाले. मी टेबलासमोर उभा होतो. मला दुसरं काही येत नाही, मी त्यांना सगळं करूनच दाखवलं. साबण वाळलेला माणूस, घागरवाला, मास्तर, आणि शेवटी तुझं "झाली व्हय दोन मिनिटं?" साहेबांनी आधी रुमालानं तोंड झाकलं, मग टेबलावर डोकं टेकवून हसले. "जा, सांग त्याला, पुढच्या वर्षी डोळे उघडे ठेव." झालं. तुझी नोकरी राहिली. संध्याकाळी तू मला गेटासमोरच्या हॉटेलात भजी खाऊ घातलीस. "बिरा, तुझ्या तोंडानं वाचलो गड्या," म्हणालास. हे तू म्हणाला होतास, शिदा, ते मी विसरलेलो नाही आणि तुलाही विसरू देणार नाही.

त्याच हॉटेलात मी तुला विचारलं होतं, झोप लागली का रे उभ्या उभ्या? तू म्हणालास, "न्हाई रं. वस्तीवर पुनवंला आमी डोळं मिटून बसतो न्हवं, तसं मिटलं. समदी मशिनी बंद. सतरा वर्सं त्या घरात हाय मी, तितली शांतता मी कवा ऐकलीच न्हवती. कुणी हाक मारत न्हाई, कुणी बलवत न्हाई. लय बरं वाटलं. घड्याळाचं ध्यानातच न्हाई आलं." मी भजी खात खात हे ऐकलं, आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? ह्यात नाटक आहे, हे आलं. असा मी.

गणपतीत गिरणीच्या मांडवात मी ते बसवलं. घडी खात्यातला एक पोरगेला कामगार नकला चांगल्या करायचा, त्याला तुझं काम दिलं. उपड्या डब्यावर मांडी घालून बसवला. डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर, मागं पुठ्ठ्याचं सोनेरी चक्र. गाव उभं आणि हा आपला बसलेला. प्रत्यक्षात तू उभा होतास. बसवला तो मी, कारण बसल्यावर जास्त हशा येणार होता. तुमची नुकती कुठं वस्तीतल्या खोलीत बुद्धाची मूर्ती बसली होती, तिला वर्ष झालं नव्हतं. हे मला माहीत होतं. मूर्तीच्या कार्यक्रमाला मी आलो होतो, खीर खाऊन गेलो होतो.

मांडव हसून हसून लोळत होता. तू तिसऱ्या रांगेत वहिनी आणि सुजाताला घेऊन बसला होतास. मी पडद्याआडून पाहिलं, तू हसत होतास. पाच वर्षं मी या एका गोष्टीला धरून बसलो. अरे, तो स्वतः हसत होता की! मग मला बोल का?

दुसऱ्या दिवशी सकाळी तू साहेबांकडं गेलास आणि भोंग्याचं काम नको म्हणालास. राख काढायच्या कामावर घाला म्हणालास. मला बाहेरून कळलं. मी कपाळाला हात लावला. त्या साखळीचा तुला केवढा अभिमान, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत होतं? तुझा बाप आपल्या गावात चावडीबाहेर उभा असायचा. पाटलाची हाक आली की पळायचं, सांगावा पोचवायचा, परत येऊन उभं राहायचं. तुला पहिल्यांदा साखळी मिळाली त्या दिवशी तू मला म्हणाला होतास, "बिरा, माझा बाप गावाच्या हाकंला पळायचा. आता माझ्या हाकंला गाव उठतंय." आणि तीच तू आपण होऊन सोडलीस. एका नाटकापायी! मला राग आला तो तेव्हाचा आहे. तुला भांडता येत नव्हतं का? माझी गचांडी धरायचीस. सगळ्यांसमोर चार शिव्या द्यायच्यास. राख काय उपसत बसलास?

भांडण म्हणावं असं आपलं एकदाच झालं. सांगलीहून सायकलीवरून परत येत होतो, तुझ्या सायकलची चेन पडली म्हणून रस्त्याच्या कडेला थांबलो. मीच विषय काढला. म्हटलं, "लोकांनी अंगाला लावून घ्यायचं ठरवलं तर आम्ही लिहायचं कसं? नाटकात मीसुद्धा होतो. मी फळ्यावर 'उद्या सुट्टी' एक दिवस आधी लिहिलं होतं आणि निम्मी पाळी कामावर आली नव्हती, ते दाखवलंच की. साताऱ्याच्या वीव्हिंग मास्तरांचं धोतर पट्ट्यात अडकलं तेही दाखवलं. तूच एवढा नाजूक कसा रे?"

तू चेन बसवत होतास. वर न बघता म्हणालास, "तू सुट्टी लिवलीस तवा लोक काय म्हणलं?"

"काय म्हणणार? आठवडाभर सुट्टीवाले म्हणून चिडवलं आणि विसरले."

"बिरा चुकला म्हणलं. माझ्या मागच्या रांगंत काय म्हणलं ठावं हाय? ह्यांच्या हातात साखळी दिली की आसंच हुणार. ह्यांच्या, म्हणलं. माझ्या न्हाई."

"मी नाही ऐकलं तसं कुणी बोलताना."

"तुला कसं ऐकू यील? तुझ्याकडं बघून कोण म्हणत न्हाई."

मी चिडलो. मला काय कमी ऐकावं लागलं होतं? मेंढरामागचा, मेंढरामागचा करत निम्मी गिरणी मला हाका मारायची, मीच ते नाटकात घालून त्यांना हसवायचो. मी तुला तेच म्हणालो. वर म्हणालो, की माझ्या तोंडानं तुझी नोकरी वाचली हे तूच म्हणाला होतास, मग आता तेच तोंड वाईट कसं झालं?

तेव्हा तू उठलास, हाताचं वंगण धोतराला पुसलंस. "सायबापुढं हसवलंस ते माझ्यासाठी," म्हणालास. "मांडवात हसवलंस ते तुझ्यासाठी." आणि वर, "जाऊ दे. बरं." सायकलवर बसलास आणि गेलास. उत्तर द्यायला मला माधवनगरपर्यंतचा रस्ता पुरला नाही. घरी पोचल्यावर एक उत्तर सुचलं, दुसऱ्या दिवशी दुसरं. आजपर्यंत दहाबारा सुचली असतील. एकही चाललं नसतं.

त्यानंतर तू माझ्याशी फार चांगला वागलास, आणि मला ते अजिबात सहन झालं नाही. माझ्या पोराच्या बारशाला आलास. माझी आई गेली तेव्हा खांदा दिलास. त्याच माझ्या आईनं लहानपणी तुला दारात बसवून वरून पाणी घातलेलं, तरी दिलास. भेटलो की "काय बिराप्पा, बरं हाय न्हवं?" बिराप्पा! बिरा म्हणायचास तू मला. दुपारी डबा मात्र बॉयलरघराच्या मागं एकटा खायला लागलास. मी दोनदा तिथं डबा घेऊन आलो, दोन्ही वेळा तू सरकून जागा दिलीस, भाकरी पुढं केलीस आणि पावसापाण्याचं बोललास. मी तिसऱ्यांदा आलो नाही. इथं तुझ्याइतकाच माझाही हट्ट होता, ते कबूल.

तुझी छाती माझ्या नाटकानं गेली असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे माझ्या लिहिण्याला नसती किंमत देणं. राख काढणारे आणखी तिघं आहेत, ते खणखणीत आहेत. पण रात्रपाळीची राख काढून तू खोकत गेटातून बाहेर पडायचास तेव्हा मी टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून तुझ्या नावापुढं खूण करायचो, आणि मला दर वेळी वाटायचं की हाक मारावी.

मिरजेला दवाखान्यात मी आलो होतो तो त्यासाठीच. बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं. शिदा, ते नाटक मी करायला नको होतं. सात शब्द. वॉर्डात शिरलो, तू भिंतीला टेकून बसला होतास, हात काठीसारखे झाले होते, आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं? तुझ्या शेजारच्या खाटेवरचा म्हातारा नर्सबाईला "मास्तरीण" म्हणून हाका मारत होता, त्याची मी नक्कल केली. तू हसलास. हसताना ढास लागली ती थांबेचना. वहिनींनी तुझी पाठ चोळता चोळता माझ्याकडं पाहिलं. माफी मागायला गेलेला माणूस विनोद सांगून परत आला. पुढच्या रविवारी पुन्हा जाईन म्हटलं होतं, तू शुक्रवारीच आटोपलंस.

आणखी एक राहिलं आहे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, कारण त्यानं किस्सा बिघडतो. त्या दिवशी माझ्या मनगटाला घड्याळ होतं. चौथ्या मिनिटाला मला कळलं होतं की तू विसरलास. बॉयलरघर माझ्यापासून पन्नास पावलांवर होतं. मी तेव्हाच पळालो असतो तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं, तू दोन शब्द ऐकले असतेस आणि विषय संपला असता. मी हललो नाही. साहेब काय म्हणतील ही भीती होती, ते खरं. पण त्याहून जास्त म्हणजे मला मजा यायला लागली होती. सहा झाली, सात झाली, आता काय होतंय बघू, असं मी मनात मोजत होतो. तुझी चूक दोन मिनिटांची होती. बाकीची माझी आहे, ती मी तुझ्या नावावर खपवली आणि वर तुझी नोकरी वाचवली म्हणून भजी खाल्ली.

काल तुझ्या घरी गेलो होतो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुजातानं पाणी दिलं. ती आता मॅट्रिकला आहे, तुझ्यासारखीच खाली मान घालून बोलते. मग वहिनी म्हणाल्या, "भावजी, सभंत तुमी त्यो किस्सा सांगितला न्हाईसा म्हनं."

"नाही सांगितला."

"बरं केलंसा." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मांडवात मी बी हसली हुती."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"त्यो पोरगा डब्यावर मांडी घालून बसला, मला हसू आवरंना. ह्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली हुती आन् हसली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आन् मग ते बी हसाय लागलं. घरी आल्यावर भाकरी वाढताना इचारलं, तू कशाला हसलीस गं? रागानं न्हाई इचारलं. त्यास्नी कळंना म्हनून इचारलं. मला सांगाय आलं न्हाई. फिरून कवा इचारलं न्हाई त्यांनी."

म्हणजे तू आधी हसला नव्हतास. पाच वर्षं ज्या हसण्यावर मी माझी बाजू उभी केली, ते तू वहिनींना एकटं वाटू नये म्हणून हसलास.

"तुमी लिवलं हुतं," वहिनी म्हणाल्या. "तुमी सांगा. काय हुतं हसन्यासारखं?"

सुजाता भांडी ठेवून उंबऱ्यात येऊन थांबली. तिलाही ऐकायचं होतं. आणि तुला सांगतो शिदा, त्या क्षणी मला खरंच उत्तर दिसलं. माझ्या नाकासमोर होतं इतकी वर्षं. अख्खं गाव उभं होतं, ज्याच्या त्याच्या डोक्यात दोन मिनिटं संपली होती आणि एकाचीही हलायची छाती नव्हती. हातात घड्याळ बांधून माना खाली घालणारे आम्ही. हसायचं होतं ते आम्हाला. डब्यावर साहेबाला बसवायचं, मास्तरला बसवायचं, मला बसवायचं. मी तुला बसवला, कारण तुझ्यावर लिहिलं तर कुणी मला जाब विचारणार नव्हतं. तू तर नाहीच नाही.

मी म्हणालो, "वहिनी, हसण्यासारखे आम्ही होतो. शिदा नव्हता."

वहिनींनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

"ह्ये त्यास्नी सांगितलंसा कवा?"

मी काय सांगणार, शिदा? आता सांगतोय.